काढा उकळा, पण श्वासही मोजा

मार्गशीर्ष निम्मा सरला की गावात दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक, रात्रपाळीच्या विजेवर गव्हाला पाणी धरून पहाटे परतणाऱ्या माणसाच्या ओल्या चपलांचा; आणि दुसरा, घराघरांतून येणारा खोकला. म्हातारी माणसे अंगणातल्या शेकोटीशी खोकतात, पोरे शाळेत शिंकतात, आणि चुलीवर आल्याचा काढा उकळू लागतो.

शेतकरी बंधूंनो आणि माउल्यांनो, मी डॉक्टर नाही. उभी नोकरी पिकांवरच्या रोगकिडींत गेली. पण सर्दी-पडशावर चार शब्द लिहायचा मला थोडा अधिकार आहे. तो कसा मिळाला ते पुढे येईलच. आधी काढ्याचे बोलू.

सर्दी कशाने होते? थंडीने, असे आपण म्हणतो. खरे पाहता ती विषाणूने होते. सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत. इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे ज्याला आपण फ्लू म्हणतो त्याचा, विषाणू वेगळा आणि जास्त दांडगा. थंडी विषाणू तयार करीत नाही. ती फक्त त्याचे काम सोपे करते. हवा कोरडी नि गार असली की विषाणू जास्त वेळ टिकतो. आपण दारे-खिडक्या लावून एका खोलीत आठ-आठ माणसे झोपतो, आणि एकाचे दुसऱ्याला होते. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही जोर करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे नुसत्या थंडीवर खापर फोडता येत नाही.

आता तुम्हाला भेंडीवरचा हळद्या माहीत आहे. पाने पिवळी पडतात, शिरा पिवळ्या होतात. तो विषाणूचा रोग आहे. कितीही भारी बुरशीनाशक फवारा, पैसे मातीत. तसेच माणसाच्या सर्दीचे. तापाच्या गोळ्यांबरोबर दुकानातून जी अँटिबायोटिकची अर्धी पट्टी आणता, ती जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. गेल्या वर्षीच्या उरलेल्या गोळ्या काढून पोराला देणे तर त्याहून वाईट. एकच औषध अर्धवट मात्रेने पुन्हा पुन्हा मारले की किडी त्याला दाद देईनाशा होतात, हे आपण कपाशीवर बोटे पोळून शिकलो. जिवाणूंचेही तसेच आहे. मग खरेच गरज पडेल त्या दिवशी ते औषध लागू पडत नाही. आणि सर्दीसाठी सुई किंवा सलाईन मागू नका. सुई टोचली की तिसऱ्या दिवशी बरे वाटते हे खरे. न टोचताही वाटले असते.

साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपल्या पायांनी निघून जाते. खोकला कधी कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. या दिवसांत शरीराला आराम, ऊब, पाणी आणि अन्न मिळाले की झाले. आपले घरचे उपाय नेमके हेच काम करतात, आणि म्हणून ते चांगले आहेत. ते रोगाला मारीत नाहीत, रोग्याला सांभाळतात.

काढ्याचेच घ्या. दोन पेले पाणी, अंगठ्याच्या पेराएवढे आले ठेचून, तुळशीची आठ-दहा पाने, गवती चहाच्या दोन पाती, दोन मिरे आणि गुळाचा खडा. निम्मे आटवून गरम गरम प्यावा. घसा शेकतो, नाक मोकळे होते, पाणी पोटात जाते. दिवसातून दोनदा पुरे. २०२० साली करोनाच्या धास्तीने आमच्या भागात लोकांनी मिरे-दालचिनीचा काढा दिवसातून पाच-पाच वेळा ढोसला. करोना किती अडला कोण जाणे, पित्ताने मात्र निम्मे गाव हैराण झाले होते.

कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या कराव्यात. हळद घातलेले गरम दूध रात्री घ्यावे. त्याने झोप लागते, आणि झोप हे फार मोठे औषध आहे. मधाचा गुण तर तपासण्यांतूनही दिसला आहे: एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध चाटवला तर रात्रीचा खोकला कमी होतो. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोटभरसुद्धा नको. मधात एका जिवाणूचे बीज असू शकते. मोठ्या माणसाला ते काही करीत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजले तर अंग लुळे पडते. जन्मल्यावर मध चाटवायची आपली रीत जुनी आहे, ठाऊक आहे. तरीही नको.

वाफाऱ्याने मोठ्या माणसाला थोडा वेळ बरे वाटते. लहान मुलाला मात्र पातेल्यावर वाकवू नका. पातेले कलंडून पोरे पोळतात, आणि मिळायचा फायदा त्या मानाने काहीच नाही. त्यापेक्षा पेलाभर पाणी उकळून कोमट करावे, त्यात पाव चमचा मीठ विरघळवावे, आणि स्वच्छ ड्रॉपरने किंवा कापसाच्या बोळ्याने दोन-दोन थेंब नाकात सोडावेत. शेंबूड सुटतो, बाळ अंगावर पिऊ लागते. पाणी रोजच्या रोज नवे करावे. नाकात तेल किंवा तूप मात्र सोडू नये. ते घशातून फुप्फुसात उतरते आणि भलतेच दुखणे होऊन बसते. कापूरही पोरांच्या हाती लागेल असा ठेवू नये. पोटात गेला तर झटके येतात.

खाण्यापिण्याबद्दल मला जरा रागानेच लिहायचे आहे. पोराला सर्दी झाली की आपण एकेक पदार्थ बंद करीत जातो. दही नको, केळे नको, भात नको, पेरू तर नकोच नको. आठ दिवसांनी सर्दी जाते आणि पोर वाळलेले दिसते. आजारात शरीराला जास्त अन्न लागते, कमी नाही. पेरूने सर्दी होते ही समजूत तर डोक्यातून काढूनच टाका. क जीवनसत्त्व पेरूत संत्र्याच्या सुमारे चौपट असते, आणि आवळ्यात त्याहूनही जास्त. याने सर्दी होतच नाही असे कोणी सांगेल तर ते खरे नाही. नेहमी खाणाऱ्याची सर्दी थोडी लवकर आटोपते, एवढेच दिसून आले आहे. पण शहरातला माणूस दुकानातून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकत घेतो, आणि आपल्या बांधावरचे पेरू पोपट खातात, याला काय म्हणावे!

आमच्या आईचा या दिवसांतला हुकमी पदार्थ म्हणजे हुलग्याचे माडगे. हुलगे भाजून भरडून त्यांचे पीठ करायचे, ते पाण्यात कालवून उकळायचे, लसूण-जिऱ्याची फोडणी आणि मीठ. कुणी गूळ घालून गोडही करतात. तापातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते, भाकरी गिळवत नाही, अशा वेळी वाटीभर माडगे सहज जाते. पाणी जाते, प्रथिने जातात. सोबत बाजरीची भाकरी, तीळ, मेथीची भाजी, जे शेतात आहे ते ताटात आले की बस्स. तान्ह्याचे दूध मात्र कधीही तोडू नये. आईला सर्दी असली तरी तिने तोंडाला पदर बांधून पाजावे. तिच्या दुधातूनच बाळाला रोगाशी लढायची शक्ती मिळते.

एवढे सारे ठीक. पण आता मी माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

१९९९ सालचा जानेवारी. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी नोकरीला होतो आणि हरभऱ्यावर घाटेअळी जोरात होती. रोज चार-पाच गावे फिरायचो. शेतकऱ्यांना एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो: उगीच फवारू नका, आधी मोजा. ओळीत एक मीटर अंतर धरा, झाडे हलवा, खाली पडलेल्या अळ्या मोजा. एक-दोन अळ्या सापडू लागल्या की फवारणीची वेळ झाली. त्याआधी फवारलेत तर पैसे वाया, त्यानंतर फवारलेत तर पीक वाया.

घरी आमचा मुलगा अकरा महिन्यांचा. त्याला सर्दी होऊन पाच दिवस झाले होते. सौ. म्हणत होती, दवाखान्यात दाखवू. मी म्हणत होतो, साधी सर्दी आहे, आल्याचा रस मधातून दे, छातीला ओव्याची पुरचुंडी शेक. होय, मधही मीच द्यायला लावला होता. तेव्हा मला ठाऊक नव्हते. सहाव्या दिवशी संध्याकाळी मी फिरतीवरून आलो तर पोर निपचित पडलेले. ताप उतरला म्हणून मला तर उलट बरेच वाटले. शेजारी अंगणवाडीच्या सेविकाताई राहायच्या. त्या काही कामाने दारात आल्या, बाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वहिनी, याचा सदरा वर करा बघू." पोटाकडे पाहत, हातातल्या घड्याळावर त्यांनी मिनिटभर मोजले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, बासष्ट. आणि फासळ्यांखाली खड्डा पडतोय. गाडी बघा."

नऊ किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यात शेजाऱ्याच्या जीपने पोहोचलो. न्यूमोनिया होता. प्राणवायू लावला, औषध सुरू केले, पाच दिवस ठेवून घेतले. डॉक्टर बोलता बोलता एवढेच म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होते." पोर वाचले. आज ते सव्वीस-सत्तावीस वर्षांचे आहे आणि माझ्याहून उंच आहे. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी विचार करीत होतो की परक्याच्या शेतातल्या अळ्या मोजायला मी पन्नास कोस फिरतो, आणि घरच्या पोराचा श्वास मला मोजता आला नाही.

तर माउल्यांनो, ही मोजणी शिकून घ्या. फार सोपी आहे. मूल शांत असताना, झोपलेले असले तर उत्तम, अंगावरचा कपडा वर करा. पोट वर गेले आणि खाली आले की एक श्वास. घड्याळात किंवा मोबाईलवर पूर्ण एक मिनिट पाहा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान मुलाचा श्वास एका चालीने चालत नाही. रडत असेल, दूध पीत असेल तर थांबा, नाहीतर आकडा चुकतो.

बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल आणि मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास भरले, तर दवाखाना. दोन महिने ते एक वर्ष, पन्नास किंवा जास्त. एक ते पाच वर्षे, चाळीस किंवा जास्त. साठ, पन्नास, चाळीस. हे तीन आकडे खडूने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आकडा कमी असला तरी श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, मूल पीत नसेल, सगळे ओकून टाकत असेल, झटके येत असतील किंवा हाक मारूनही सुस्त पडत असेल, तर मोजत बसू नका. त्याच पावली निघा. ओठ निळसर दिसले तरी तसेच. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला किंवा अंग गार पडले, तरी ते घरी ठेवायचे दुखणे नाही.

वाचता न येणाऱ्या बाईलाही हे जमते, हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या माणसांना, दाईंनासुद्धा, न्यूमोनिया ओळखायला शिकवले. ज्या दाईंना फार पुढे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधे यंत्र केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि बाजूला मण्यांची ओळ, हिरवे मणी आणि शेवटी एक लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे. बालमृत्यू त्याने लक्षणीय घटले. १९९० साली 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. मला त्यात सगळ्यात आवडते ती मण्यांची ओळ. आमच्या खात्याला असली अक्कल कधी सुचली असती तर बरे झाले असते.

मोठ्या माणसांचेही सांगतो. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, बोलण्यात भ्रम, आणि ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणे, ही लक्षणे काढ्याची नाहीत. म्हातारी माणसे ताप न येताच न्यूमोनियाने खचतात; आजोबा अचानक जेवेनासे झाले, गप्प झाले, तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नका. मधुमेही, दमेकरी आणि गरोदर बाई यांना फ्लू जड जातो. फ्लूवर ऑसेल्टामिविर नावाचे औषध आहे, पण ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त लागू पडते, म्हणून या माणसांनी वाट पाहू नये. फ्लूची लसही असते. ती दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू दर वर्षी रूप बदलतो. तुमच्या आरोग्य केंद्रात तिची चौकशी करा. तान्ह्यांसाठी न्यूमोनियाची लस, पीसीव्ही, सरकारी लसीकरणात फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. कार्डावर शिक्का आहे की नाही ते आजच पाहा. खर्चाची धास्ती असेल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले आहेत, आणि रात्री-अपरात्री १०८ क्रमांकाची गाडी आहे.

खोकला दोन आठवडे हटला नाही, तर थुंकी तपासून घ्यावी. तो क्षय असू शकतो. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

फ्लूला हलके समजू नका म्हणतो त्याला कारण आहे. १९१८ साली जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबरात दुसऱ्यांदा उसळून खेडोपाडी पसरला. पाऊस त्या वर्षी दगा देऊन गेला होता, माणसे आधीच उपाशी होती. देशात सव्वा ते दोन कोटी माणसे गेली, असा अंदाज आहे. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तोही ऑगस्टच्या पावसात. रोज दिसतो म्हणून तो साधा होत नाही.

मग टाळायचा कसा? खोकणाऱ्याने तोंडावर गमछा धरावा, हात साबणाने धुवावेत, आजाऱ्याला हवेशीर जागी वेगळे निजवावे, पोरांचे मुके घेऊ नयेत. हे सगळे तुम्ही करोनात शिकलातच. मी बोलणार आहे ते धुराबद्दल. गॅस घरात आला तरी थंडीत पाणी चुलीवर तापते, भाकरीही चुलीवरच होते, आणि बाळ आईच्या मांडीवर त्याच धुरात. घरातल्या धुराने लहान मुलांचा न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो. पाणी तापवायची चूल अंगणात न्या, निदान बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि बाळंतिणीच्या खोलीत रात्री निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार बंद करू नका. निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि झोपलेली माणसे झोपेतच जातात. खोली तापवायचीच असेल तर शेगडी आधी ठेवून निजायच्या वेळी बाहेर काढावी.

रात्री पाणी धरायला जाणाऱ्यांनी कानाला मफलर आणि पिशवीत कोरडी चड्डी-बनियन न्यावी. पाय ओले झाल्याने विषाणू येत नाही, हे मी वर म्हटलेच. पण थंडीने गारठलेले, उपाशी, झोपमोड झालेले शरीर कुठलाही रोग नीट परतवू शकत नाही. घरी आल्यावर ओले कपडे बदलून काहीतरी गरम खावे आणि जमेल तेवढे झोपावे. विडी मात्र नको. खोकणाऱ्या माणसाने शेकोटीशी बसून विडी ओढणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

शेवटी एक गोष्ट माझ्या खात्यातली. अडुळसा तुमच्या बांधावर असेलच. खोकल्याच्या औषधांत जे ब्रोमहेक्सिन वापरतात, त्याची वाट याच झाडातल्या द्रव्यावरून सापडली. पानांचा काढा कफ सुटायला मोठ्या माणसाने दोन-चार दिवस घेतला तर चालेल. गरोदर बाईने मात्र घेऊ नये, गर्भाशयावर त्याचा परिणाम होतो. बांधावर नसेल तर पावसाळ्याच्या तोंडावर हातभर लांबीच्या जून फांद्या तोडून कुंपणाच्या कडेने लावा. कडू असल्याने शेळी त्याला तोंड लावीत नाही, आणि पहिला पावसाळा निघाला की वेगळे पाणीही द्यावे लागत नाही.